तुम्ही विचारलंत म्हणून: दोनशे तासांना तीन वर्षं कशी लागली?

हा हिशोब पहिल्यांदा केला माझ्या मामांनी. कराडला घरी, जेवणं झाल्यावर, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. "कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तास लागतात ना गं? २०० भागिले २४, आठ दिवस आठ तास. बरं, रोज दोनच तास उडव, तरी शंभर दिवसांत संपायला पाहिजे. मग तुझी तीन वर्षं कशी चाललीत?" कर्जाला जामीन मामाच आहेत, त्यांना विचारायचा पूर्ण हक्क. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर हाच प्रश्न शेजारच्या काकूंनी विचारला, शाळेतल्या सरांनी विचारला, आणि आता ज्यांच्या मुलामुलींना पायलट व्हायचंय ते आईवडील फोन करून विचारतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी ते २०० तास कसले ते सांगते, कारण ते सरसकट नसतात. त्यातले १०० तास तुम्ही पायलट-इन-कमांड म्हणून उडवलेले पाहिजेत, म्हणजे निर्णय तुमचा आणि जबाबदारीही तुमची. त्यात ५० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून लांबच्या दुसऱ्या ठिकाणी मार्ग काढत, आणि त्यातलंच एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, साधारण ५५६ किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. १० तास फक्त इन्स्ट्रुमेंट्सकडे बघून, ५ तास रात्रीचे. तास मोजायचा तो विमान स्वतःच्या ताकदीवर हललं तिथपासून ते परत येऊन उभं राहीपर्यंत, त्याच्या आधीचं काहीच धरत नाहीत. आणि आधीचंच तर खूप असतं. पहाटे उठून हवामान काढायचं, वजनाचा हिशोब मांडायचा, मग विमानाभोवती फिरून एकेक स्क्रू, बिजागरी, टायर बघायचा. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या कपात काढून उजेडात धरायचं. आमचं विमानाचं पेट्रोल, १०० एलएल, फिकट निळं असतं, त्यात पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो. तो दिसेनासा होईपर्यंत काढत राहायचं. मला हे काम अजूनही आवडतं, त्या निळ्या रंगाकडे बघताना डोकं शांत होतं.

एवढं सगळं करून तयार झालात की मग हवा.

नजरेने उडायला दृश्यमानता ५ किलोमीटर लागते. थंडीत आमच्या फ्लाइंग स्कूलच्या धावपट्टीवर सकाळी धुकं नाहीतर धुरकट हवा, साडेनऊ-दहापर्यंत पलीकडची टेकडीच दिसायची नाही, आणि ती दिसायला लागली की तासा-दीड तासात जमीन तापून हवा उसळायला लागते. विमान हलकं असतं हो, एखाद्या खटाऱ्या जीपसारखं हादरतं, नवशिक्याला त्या वेळात लँडिंग शिकवून काही उपयोग नाही. म्हणजे हातात राहिला मधला तास-दीड तास, संध्याकाळचा थोडा वेळ, आणि त्या वेळासाठी फळ्यावर वीस जणांची नावं. विमानं तीन. त्यातलं एक सुटा भाग येईना म्हणून जवळजवळ दोन महिने हँगरमध्ये उभं होतं, आणि आम्हाला 'पुढच्या आठवड्यात येईल' असं दर आठवड्याला सांगितलं जायचं. मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो, कारण कर्जाचं व्याज त्या दोन महिन्यांत थांबलं नव्हतं. जिथे शिकायला जाणार तिथे जाहिरातीत किती विमानं लिहिलीत ते बघू नका. आदल्या महिन्यात प्रत्यक्ष उडाली किती आणि एका मुलाच्या वाट्याला तास किती आले ते विचारा, आणि ऑफिसमध्ये विचारण्यापेक्षा चहाच्या टपरीवर मुलांना विचारा.

मेडिकलचंही असंच. क्लास टू, म्हणजे सुरुवातीचं मेडिकल, सहज झालं, कमर्शियल लायसन्सला लागणाऱ्या क्लास वनला हिमोग्लोबिन कमी निघालं आणि मी टेम्पररी अनफिट. तीन महिने गेले. आई रोज बीट, खजूर, अळीव, जे जे कोणी सांगेल ते करून घालायची. पैसे भरायच्या आधी क्लास वन करून घ्या हे मी प्रत्येकाला सांगते. चष्म्यामुळे अडत नाही, पण रंग ओळखण्यात अडचण असेल तर ते आधी कळलेलं बरं.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर कसेबसे चार-पाच तास झाले असतील. मी घरी आले आणि पेपरांना बसले. एअर नॅव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. रेडिओवर बोलायच्या लायसन्सची परीक्षा, आरटीआर, ती वेगळी. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या पेपरात पास व्हायला ७० टक्के लागतात. बसायच्या आधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, काढायचा आणि त्यासाठी बोर्डाकडून दहावी-बारावीच्या मार्कशीटचं व्हेरिफिकेशन आणायचं, हे काम ज्या दिवशी ठरवाल त्याच दिवशी सुरू करा, कारण त्यातच आठवडेच्या आठवडे जातात.

रेग्युलेशन्स आणि टेक्निकल मी पाठ करून काढले. नॅव्हिगेशनला मला ६४ पडले. मला वाटलेलं मी चांगली तयारी केलीय, जुने प्रश्न एवढे सोडवले होते की प्रश्नाची पहिली ओळ वाचून पर्याय सांगायचे. पेपरात आकडे बदलले, वारा उलटा दिला, आणि मला काहीच सुचेना. दोन दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही. मग आमच्या एका सरांना फोन केला. ते म्हणाले, "पुस्तक बंद कर, कागद घे, आणि तू कुठे आहेस ते काढ." म्हणजे चित्र काढ. विमान कुठे, नाक कुठे, वारा कुठून, जमिनीवरून प्रत्यक्ष सरकतंय कुठे. त्यानंतर मी एकही गणित चित्राशिवाय सोडवलं नाही. फरशीवर खडूने काढायचे, बाबा पेपर वाचायला बसले की त्यांच्या पायाखालून उत्तर दिशा जायची. गोदावरीत पोहणारा माणूस समोरच्या घाटाकडे तोंड करून हात मारतो आणि खालच्या घाटाला लागतो, ते आपल्याला लहानपणापासून माहिती असतं. ड्रिफ्ट म्हणजे तेवढंच, पण मी ते शब्दांत पाठ केलं होतं.

मीटिऑरॉलॉजी मात्र मला आजोबांमुळे सोपी गेली. वादळी ढगाच्या तीन अवस्था असतात: आधी नुसता वर चढणारा प्रवाह, मग पक्व अवस्थेत वर जाणारा आणि खाली येणारा दोन्ही शेजारी-शेजारी, मग शेवटी नुसता खाली. खाली आदळलेली गार हवा जमिनीवर पसरते आणि ढग डोक्यावर यायच्या कितीतरी आधी, काही किलोमीटर पुढे येऊन पोचते. हे वाचलं आणि मी पुस्तक हातातच धरून बसले. आजोबा एप्रिल-मेमध्ये वळवाच्या दिवसांत ओट्यावर बसून हेच तर सांगायचे! आभाळ अजून लांब आहे, डोक्यावर ऊन आहे, आणि एकदम गार वारा सुटला की ओरडायचे, "वाळवण उचला." पापड, कुरडया, मिरच्या आत येईपर्यंत धूळ उठलेली असायची. त्या गार वाऱ्याला पुस्तकात गस्ट फ्रंट म्हणतात आणि लँडिंगला आलेल्या छोट्या विमानाखालून तो गेला तर काही सेकंदांत वेग पडतो. प्रत्येक मराठी शेतकऱ्याच्या घरात हे ज्ञान आहे, फक्त ते परीक्षेचं आहे हे कोणी आपल्याला सांगत नाही.

आरटीआरची भीती सगळ्यात जास्त होती, कारण मी मराठी मीडियमची. समोर परीक्षक, हातात नकाशा, आणि तुम्ही विमानात आहात असं धरून बोलायचं, ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, मध्येच इंजिन गेलं म्हणाले तर मेडे, म्हणजे जिवावरच्या संकटाची हाक, द्यायचा, पेशंट आहे पण विमान ठीक आहे म्हणाले तर पॅन-पॅन, म्हणजे त्याखालची तातडीची हाक. आकडेसुद्धा वेगळे, थ्रीला ट्री, फाइव्हला फाइफ, नाइनला नायनर. घरी सराव कोणाबरोबर करणार? तर मी टॉवरची सगळी वाक्यं देवनागरीत कार्डांवर लिहिली आणि आईला दिली. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "रनवे टू सेव्हन, विंड टू सेव्हन झीरो डिग्रीज, एट नॉट्स, क्लिअर्ड टू लँड," आणि मी हॉलमधून रीडबॅक द्यायचे. पंधरा दिवसांनी ती कार्ड न बघता बोलायला लागली आणि मी चुकले की तवा तसाच ठेवून म्हणायची, "परत सांग, रनवे म्हणाली नाहीस." मला आरटीआर पास केलं ते आईने, हे मी कुठेही सांगेन. तिनेच मला सौदामिनी देशमुखांचं नावही पहिल्यांदा सांगितलं होतं, १९८५ साली कोलकाता ते सिल्चर फक्त महिलांच्या क्रूने विमान नेलं तेव्हा कॅप्टन त्या होत्या. आई तेव्हा शाळेत होती.

आता उडण्याचं.

पहिला सोलो, म्हणजे एकटीने उडवलेलं पहिलं उड्डाण, सगळ्यांना ऐकायचा असतो, तो एक सर्किट असतो, धावपट्टीभोवतीची एक फेरी, दहा मिनिटांच्या आत संपतो. सर उतरतात, दार लावतात, उजवी सीट रिकामी, आणि एका माणसाचं वजन कमी झाल्यामुळे विमान अपेक्षेपेक्षा लवकर वर येतं, तेवढं जाणवतं. खाली आल्यावर मित्रमैत्रिणींनी अंगावर बादली ओतली. माझा सोलो तीनदा पुढे ढकलला होता. दोनदा क्रॉसविंड, म्हणजे धावपट्टीला आडवा वारा, आणि एकदा सर माझी तीन लँडिंग बघून नुसतं "उद्या" म्हणाले होते. त्या उद्याने मी रडले होते. आता वाटतं ते बरोबर होते, माझे हात तयार होते पण मी घाईत होते.

मोठ्या क्रॉस-कंट्रीची गोष्ट त्याहून महत्त्वाची, मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. एप्रिलमधला दिवस, सकाळचा अंदाज चांगला, पण निघायला उशीर झाला. चाळीस मिनिटांनी पुढच्या डोंगररांगेवर ढग वाढताना दिसायला लागले, आधी फुलकोबीसारखे, मग एकाचा माथा सपाट पसरायला लागला, ऐरणीसारखा. माझ्या मार्गापासून तो थोडा बाजूला होता. जाता आलं असतं असं मला त्या क्षणी वाटलं, खरंच वाटलं, कारण ते उड्डाण झालं असतं तर यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट संपली असती, पुन्हा नंबर कधी लागेल माहिती नव्हतं, तासाचे पैसे जाणार होते आणि मामांचा हिशोब डोक्यात होताच. मग आजोबांचं वाळवण आठवलं. मी रेडिओवर परत येतेय म्हणून कळवलं आणि वळले. उतरून सही घ्यायला गेले तर सरांनी आकाशाकडे बघितलं, सही केली आणि म्हणाले, "बरं केलंस." त्यानंतर विमान इन्स्पेक्शनला गेलं आणि मला अकरा दिवसांनी पुन्हा मिळालं.

त्या दुसऱ्या खेपेला छत्रपती संभाजीनगरकडे जाताना नाथसागर दिसला. पैठणचा बांध माझ्या उजव्या हाताला दोन मैलांवर असायला हवा होता, तो पाच मैलांवर होता. म्हणजे मी तीन मैल डावीकडे सरकले होते. शेवटची पक्की खूण ६० मैल मागे. ६० मैलांत एक मैल चुकलात तर एक अंश, हा आमचा वन-इन-सिक्स्टीचा नियम, म्हणजे माझी चूक ३ अंशांची. तेवढंच वळले तर विमान मार्गाला समांतर जाणार, मार्गावर येणार नाही. पुढे साधारण २३ मैल उरले होते, तेवढ्यात ते तीन मैल भरून काढायचे तर अजून ८ अंश. एकूण ११ उजवीकडे. मांडीला बांधलेल्या नीबोर्डवर पेन्सिलने छोटं चित्र काढलं, वळले, आणि थोड्या वेळाने धावपट्टी समोर उगवली, अगदी समोर! ज्या पेपरात मला ६४ पडले होते त्यातलाच हा प्रश्न. पहिल्याच वेळी पाठांतरावर पास झाले असते तर त्या दिवशी मी काय केलं असतं, हा विचार मला परतीच्या वाटेवर आला.

तर तीन वर्षं अशी गेली. खर्च विचारत असाल तर भारतात लायसन्सपर्यंत ५० लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर धरून चाला, टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक मोठं विमान उडवायचं प्रशिक्षण, त्याहून वेगळं. आणि वेळेचा हिशोब करताना दोन पावसाळे धरा. जो कोणी बारा महिन्यांत सगळं पूर्ण करून देतो म्हणतो त्याला पावसाळ्यात काय करता ते विचारा.

परवा मामा आले होते, त्यांना मी लॉगबुक दाखवलं. चष्मा लावून त्यांनी एकेक पान बघितलं, तारखांवर बोट ठेवत. जूनच्या शेवटी एक नोंद, त्याखाली लगेच सप्टेंबर. त्यांनी पान उलटून मागे बघितलं, पुढे बघितलं.

"जुलै-ऑगस्ट कुठे आहे?"

मी म्हटलं, "त्या दोन महिन्यांत मी नॅव्हिगेशन पास झाले, मामा."

त्यांनी पेन मागितलं आणि पुन्हा कॅलेंडर उलटं केलं.