सलग रेघ, तुटलेल्या नोंदी

शीतगृहाच्या सुपरवायझरांचा सकाळीच फोन आला. "मॅडम, कंट्रोल रूममधला चार्ट आणि ब्राउझरमधला चार्ट जुळत नाहीत. रात्री दोननंतर इकडे नुसती छोटी उडी दिसते, तिकडे लांबलचक तिरकी रेघ. खरं कुठलं धरू?" डेटाबेस एकच, टेबल एकच, तापमानाची नोंद दर मिनिटाला. तरी चित्रं दोन.

लाइव्ह चार्ट म्हटलं की पहिला संशय अपडेटवर जातो. कंट्रोल रूममधलं डेस्कटॉपचं ॲप विनफॉर्म्समधलं (विंडोजवरची ॲप बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट), आणि नव्या नोंदीची खबर ते एस्क्यूएल सर्व्हर या डेटाबेसकडून एस्क्यूएलडिपेंडन्सीमार्फत, म्हणजे डेटा बदलला की कळवणाऱ्या सोयीमार्फत, घेत होतं. ही खबर एकदाच मिळते. प्रत्येक खबरेनंतर पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि ती राहिली तर चार्ट काहीच न सांगता गोठतो. इथे नोंदणी व्यवस्थित होत होती. खबर दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन रंगवणाऱ्या कामापासून वेगळ्या धाग्यावर येते, म्हणून ती स्क्रीनकडे सोपवणारा इन्व्होकही जागेवर होता. दोन्हीकडे आलेल्या ओळी मोजल्या, त्याही सारख्याच.

मग थेट टेबल उघडलं. २:१० नंतरची पुढची नोंद २:५० ची. आधी उणे १९.२ अंश, नंतर उणे १४.६. मधली चाळीस मिनिटं रिकामी.

डेस्कटॉपच्या क्वेरीत (डेटाबेसकडून नोंदी मागवणाऱ्या आज्ञेत) वेळेचा कॉलम तसाच न घेता त्याचा 'तास:मिनिट' असा मजकूर केलेला होता, अक्षावरची लेबलं सुटसुटीत दिसावीत म्हणून. एक्सव्हॅल्यूमेंबरला, म्हणजे आडव्या अक्षाचा कॉलम ठरवणाऱ्या सेटिंगला, मजकूर दिला की चार्ट कंट्रोल (ॲपमधला चार्ट काढणारा तयार घटक) त्याला वेळ मानत नाही, निव्वळ लेबल मानतो आणि बिंदू सारख्या अंतरावर मांडत जातो. त्यामुळे २:१० आणि २:५० शेजारी शेजारी बसले आणि ४.६ अंशांची वाढ कुणीतरी दार उघडल्यासारखी दिसली. वेबवर चार्ट.जेएस या ब्राउझरात चार्ट काढणाऱ्या लायब्ररीचा खरा वेळेचा अक्ष होता, म्हणून अंतर बरोबर होतं. पण दोन टोकं सरळ जोडल्यामुळे ती रेघ तापमान एकसारखं चढत गेलं असं ठामपणे सांगत होती, आणि ते तर कुणी मोजलंच नव्हतं.

सुपरवायझरांना मी स्पष्ट सांगितलं, या चाळीस मिनिटांपुरतं दोन्हींवर विसंबू नका. जी वेळ मोजली गेली नाही ती चार्टवर कोरीच दिसली पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे. माल ठेवायचा की काढायचा, हे तिथली माणसं त्या रेघेकडे बघून ठरवतात.

वेबचं काम लवकर आटोपलं. स्पॅनगॅप्सला, म्हणजे किती मोठ्या खंडावरून रेघ जोडायची ते ठरवणाऱ्या सेटिंगला, १,२०,००० हा आकडा दिला. वेळेच्या अक्षावर तो मिलिसेकंदांत धरला जातो, त्यामुळे दोन मिनिटांहून मोठा खंड पडला की रेघ तुटते. डेस्कटॉपने मात्र दमवलं. अक्षाला खरा डेटटाइम (तारीख-वेळेचा) कॉलम बाइंड केला, मिनिटामिनिटाच्या यादीशी नोंदी लेफ्ट जॉइन केल्या, म्हणजे यादीतलं प्रत्येक मिनिट ठेवून असेल तिथे नोंद जोडली, आणि हरवलेल्या मिनिटांच्या जागी नल, म्हणजे 'मूल्य नाही' ही खूण, आणला. नल दिसला की कंट्रोल तो बिंदू रिकामा धरतो, इथवर ठीक. पण रिकाम्या बिंदूची जागा तो मूळ सेटिंगनुसार शेजारच्या बिंदूंच्या सरासरीने भरतो! म्हणजे पुन्हा जोडलेली रेघच. रिकाम्या बिंदूंचं रूप ठरवणाऱ्या एम्प्टीपॉइंटस्टाइलचा रंग पारदर्शक केला, तेव्हा कुठे फट दिसली. अक्षाचं उजवं टोकही शेवटच्या नोंदीऐवजी घड्याळाला बांधलं. नाहीतर नोंदी थांबल्या तरी चार्ट कडेपर्यंत भरलेला राहतो आणि बघणाऱ्याला सगळं ताजं वाटतं.

नव्या चार्टवर मागचा महिना चढवला, तर फट एक नव्हती, बऱ्याच होत्या. प्रत्येक फटीनंतर तापमान वर गेलेलं. सुपरवायझर स्क्रीनजवळ सरकले आणि म्हणाले, "लॉगर आणि कॉम्प्रेसर एकाच लाइनवर आहेत." लॉगर म्हणजे तापमान नोंदवणारं यंत्र, कॉम्प्रेसर म्हणजे गारवा तयार करणारं. ती विजेची लाइन ट्रिप झाली की गारवा आणि गारव्याची नोंद दोन्ही एकदमच बंद पडत होती. नोंद सगळ्यात जास्त हवी तेव्हाच ती मिळत नव्हती, आणि जुन्या चार्टने हे कुणाला कळूच दिलं नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी लॉगर आणि त्याचा नेटवर्क स्विच यूपीएसवर (वीज गेली तरी बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या यंत्रावर) घेतला. पुढच्या वेळी लाइन ट्रिप झाली तेव्हा रेघ तुटली नाही. सुरुवातीची काही मिनिटं ती जवळपास सपाट होती, चढ नंतर सुरू झाला. दोन्ही स्क्रीनवर अगदी तसाच.