आमची वाटचाल : जुना पत्रा, पण पत्राच

माणगावच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं गोडाऊन आहे. बाहेरच्या थप्प्या बघून गाडीतूनच लोक विचारतात, "भंगार काय भावाने?" भंगार पुढच्या वळणावर मिळेल, असं मी सांगतो. आमच्याकडे छपरावर परत चढू शकेल असा पत्रा मिळतो. परसातली लाकडाची खोप, गोठा, गच्चीवरची शेड, मागची पडवी, जे काही उभं करायचं असेल त्यासाठी.

या लाइनीतल्यांना धंद्याचं गणित सांगायला नको. माल किलोवर घ्यायचा, फुटावर विकायचा. पण बंद पडलेल्या कारखान्याची शेड उतरवली की त्यातला बराच माल फुटावर जायच्या लायकीचा नसतो. तो भंगार म्हणून किलोवरच जाऊ द्यायचा. इथेच मोह आवरत नाही आणि इथेच माणसं घसरतात.

हे मला चाचांनी, माझ्या भागीदाराने, शिकवलं. मुंबईला दारूखान्यात जहाजं तोडण्याच्या कामावर त्यांनी उमेदवारी केलेली. सुरुवातीचं भांडवल माझं, नजर त्यांची. पत्रा हातात घ्यायचे, कडेला चिमटीत धरून एकदा वाकवायचे, बोटाच्या पेराने ठोकायचे आणि सांगायचे, "चोवीस. चलेगा." चोवीस म्हणजे पत्र्याच्या जाडीचा गेज. मी मागून जाडी मोजायचा स्क्रू गेज लावायचो, तर आकडा 0.63 मिलिमीटरच्या आसपासच यायचा. स्क्रू गेज मी आजही ठेवतो, कारण गिऱ्हाइकाला आकडा दिसला की बरं वाटतं. शिवाय हल्लीच्या रंगीत पत्र्यावर 0.50 लिहिलेलं असतं त्यात जस्त आणि रंगाचा थरही धरलेला असतो, हे दाखवायला तो कामी येतो. जुना आठ पन्हळींचा गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा हातात घेतलात तर फरक मनगटालाच कळतो.

चाचांची हत्यारं अजून भिंतीवर आहेत. डाव्या आणि उजव्या वळणाच्या दोन कातरी, भोकं पाडायचा टोचा आणि बाभळीची मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा. मोगरीचं तोंड पन्हळीच्या गोलाईला बसेल असं त्यांनी स्वतः तासून घेतलं होतं. लोखंडी हातोड्याने पोचा काढला की जस्त तडकतं, मोगरीने तडकत नाही. आमच्या पोरांना ग्राइंडरने सरसर कापायची हौस. ग्राइंडरच्या ठिणग्या पत्र्यावर जिथे जिथे चिकटतात तिथे पुढच्या पावसात गंजाचे ठिपके उठतात, आणि कापलेल्या कडेचं जस्त जळतं ते वेगळंच. कातर चालवायला वेळ लागतो. लागू द्यावा.

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गोठे केले, खुराडी केली, मंगल कार्यालयामागच्या स्वयंपाकाच्या शेडी केल्या. चाललं होतं.

मग 2020 उजाडलं. रोह्याकडच्या एका बंद कारखान्याची अख्खी शेड मी घेतली होती. ठेकेदाराला निम्म्याहून जास्त पैसे देऊन बसलो, आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. माल तिकडे, पैसे त्याच्याकडे. तशातच 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. कौलं गेली, पत्रे गेले. छपरावर जांभ्याचे चिरे ठेवून पत्रा राहतो या समजुतीचीही त्या दुपारी वाट लागली. आमच्या गोडाऊनचा एक पत्रा हलला नाही, हे मात्र मी सांगणारच.

सगळे म्हणाले, आता तुझी चांदी. कसली चांदी! माझा माल अडकलेला. हायवेच्या पलीकडे, मोकळ्या प्लॉटवर, एकाने आठवड्याभरात गाड्या उतरवल्या. पत्रे कुठल्यातरी केमिकल कंपनीचे. आम्लाच्या वाफांनी आतून खाल्लेले. वरून त्याने फवाऱ्याने चंदेरी रंग मारला आणि "जवळजवळ नवा" म्हणून जवळजवळ नव्याच्या भावात विकला. माणसं ताडपत्रीखाली झोपत होती, डोक्यावर पाऊस होता. त्यांना मी कसा दोष देणार? पण मी प्रत्येकाला सांगत होतो की बाबांनो, पत्रा अंधाऱ्या खोलीच्या दारात उन्हाकडे धरून बघा, सुईएवढी भोकं चांदण्यासारखी दिसतील. पत्र्याचं टोक ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पत्र्यावर चढलेलं, असतं तिथला रंग नखाने खरवडा. पत्रा आधी तिथेच मरतो, कारण दोन पत्र्यांमध्ये ओल अडकून राहते. ऐकून घ्यायचे आणि पलीकडे जायचे. माझ्याकडे द्यायला मालच नव्हता.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याने वर सरकलं, तेव्हा त्या प्लॉटवाल्याचे पत्रे बोल्टभोवती कागदासारखे फाटले. आणि शिव्या कोणाला? मला! "जुने पत्रेवाले सगळे सारखेच." ज्यांना मी एक फूटसुद्धा विकला नव्हता ते दारात येऊन भांडून गेले. तोवर प्लॉटवाला जागा रिकामी करून निघून गेला होता. त्या वर्षी पोलादाचे भाव चढले, म्हणजे आमच्यासारख्यांकडे रांग लागायला हवी होती. पण गोडाऊनमध्ये कुत्रं फिरकेना. टेम्पो विकला. बँकेची पत्रं यायला लागली. चाचा गावी गेले होते. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की आपला हिस्सा ते दोन वर्षं मागणार नाहीत. आणि खरंच मागितला नाही.

त्यातून वर काढलं श्रीवर्धनच्या काकूंनी. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. परसातली नारळ, सोडणं, लाकूडफाटा ठेवायची शेड आम्हीच केली होती. निसर्गमध्ये वासे मोडून ती गेली, पत्रे शेजारच्या वाड्यांत जाऊन पडले. काकूंनी गड्याला घेऊन एकेक पत्रा शोधून आणला, विहिरीजवळ रचून ठेवला आणि मला फोन केला, "ये आणि यातले किती चालतील ते सांग. उगाच नवे गळ्यात मारू नकोस."

बरेचसे चालले. तीक्ष्ण घडी पडलेले बाजूला काढले, कारण घडीवर जस्त तडकतं आणि तिथूनच गंज शिरतो. नुसते वाकलेले चाचांच्या मोगरीने सरळ केले. ओव्हरलॅपचं सडलेलं टोक सहा इंच कापून टाकलं. दहाचा पत्रा साडेनऊचा झाला, पण सगळा निरोगी. आणि नवी भोकं पाडलीच नाहीत. या वेळी वाशांऐवजी चौकोनी पाइप घेतले आणि जुन्या भोकांच्या अंतरावरच पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप, बसवले. फाटलेल्या भोकांना मोठे टोपी वॉशर, खाली डांबरी वॉशर. तौक्तेत ती शेड जागची हलली नाही. मग काकू आळीतल्या प्रत्येकाला परसात नेऊन शेड दाखवायला लागल्या. त्या आळीचं काम मिळालं, त्याच्या पुढच्या आळीचं मिळालं, सगळे आगाऊ पैसे देऊन. बँक गप्प बसली.

स्वतःच शेड उभी करणार असाल तर थोडं ऐका. बोल्ट पन्हळीच्या माथ्यावर मारा. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथे भोक कशाला? वारा पत्रा वळचणीकडून आणि कोपऱ्यांतून उचलतो, म्हणून वळचणीला आणि आढ्याला एकाआड एक पन्हळीवर बोल्ट, मधे थोडे विरळ चालतील. बाजूचा ओव्हरलॅप दीड पन्हळीचा, खालीवरचा सहा इंचांचा, आणि आपल्या पावसाला उतार देताना कंजुषी नको. गोठ्यासाठी असेल तर आतल्या बाजूला रंग हवाच, गोमूत्रातून सुटणारा अमोनिया जस्ताला सोडत नाही. गॅल्वनाइज्डवर वेल्डिंग करायचं तर आधी जस्त घासून काढा आणि उघड्यावर करा. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. थप्पी पावसात ठेवू नका, दोन पत्र्यांमधल्या ओलीने पांढरी भुकटी धरते. आणि जुने सिमेंटचे पत्रे फुकट मिळाले तरी कापू नका, त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात बसते ती बसते. आम्ही ते गोडाऊनमध्येही घेत नाही.

टेम्पो पुन्हा घेतला आहे. ठेकेदाराने अडकवलेल्या पैशांतले काही अजून यायचे आहेत, तो हे वाचत असेल तर त्याला कळावं. काकूंना आता शेडला लागून मोटारपंपासाठी आडोसा हवाय, आणि वाहतुकीचे पैसे वेगळे लावायचे नाहीत असं त्यांनी परस्परच ठरवून टाकलं आहे. बाकीच्यांनी येताना लांबी, रुंदी आणि मागच्या भिंतीची उंची लिहून आणावी, आणि जमलं तर एप्रिलच्या आधी यावं. मेमध्ये आलात तर उरलेल्या थप्पीतलंच निवडावं लागेल.