मांजराच्या पोटात सापडलेली चिप

कुंपणाच्या आतल्या वाळूवर मांजराचा ठसा दिसला तेव्हा आमच्या प्रमुखबाईंनी गाडी थांबवली आणि एक सणसणीत शिवी हासडली. गोल ठसा, चार बोटं, नख्यांची खूण नाही. कुत्र्याच्या जातीतलं काही असतं तर नख्या उमटल्या असत्या.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लाल वाळूत आमचं हे अभयारण्य आहे. उंच जाळी, तिचं वरचं टोक मुद्दाम बाहेर लवतं ठेवलेलं, म्हणजे चढणारं मांजर तिथे लोंबकळतं आणि खाली पडतं. तळाशी जाळी जमिनीवर पसरलेली, सशा-कोल्ह्यांना उकरता येऊ नये म्हणून. आत बिल्बी आणि बेटाँग. दोघेही पोटाला पिशवी असलेले, इथले मूळ रहिवासी. या भागात आता कुंपणाबाहेर त्यांचा टिकाव लागत नाही.

वाळवंटातला प्राणी म्हणजे तहानेने मेला असणार, असं आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना हमखास वाटतं. पण बिल्बीला प्यायला पाणी लागतच नाही, खाण्यातला ओलावा पुरतो. दिवसभर ती खोल, वळत गेलेल्या बिळात झोपते. तिच्या पिशवीचं तोंडही मागच्या बाजूला असतं, त्यामुळे उकरताना पिल्लावर माती उडत नाही. एवढ्या तयारीच्या प्राण्याला दुष्काळ काय नवा? घात केला तो बाहेरून आणलेल्या मांजरांनी, कोल्ह्यांनी आणि चारा फस्त करणाऱ्या सशांनी. 1859 मध्ये एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेने व्हिक्टोरियात ससे सोडले, त्या हौसेची किंमत अजून चुकती होते आहे.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती वाळवंटी उंदीर-कांगारूची. इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन गूल्डने 1843 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि मग कितीतरी दशकं तो कुणा संशोधकाच्या हाती लागला नाही. 1931 मध्ये हेडली फिनलेसन या ऑस्ट्रेलियन संशोधकाला तो आयर सरोवराच्या पूर्वेला पुन्हा सापडला. घोड्यावरून एकाचा पाठलाग केला तर बारा मैल पळवलं त्याने, मध्ये घोडे बदलावे लागले. वजन जेमतेम किलोभर! 1935 नंतर त्याची खात्रीची नोंद नाही. त्याच भागात फिनलेसनला छोटी बिल्बी, म्हणजे बिल्बीची आता नामशेष झालेली वेगळी जातही मिळाली होती. पुढे 1967 मध्ये गरुडाच्या घरट्याखाली तिची एक कवटी मिळाली, बस्स. घोड्यांना दमवणारा प्राणी दबा धरून बसलेल्या मांजरापुढे मात्र हरतो. पळायला सुरुवात करायलाच वेळ मिळत नाही.

आम्ही दिवसभर माग काढला. पावसाच्या लोंढ्याने एके ठिकाणी जाळीखालची वाळू वाहून गेली होती, तिथून ते आत शिरलं होतं. ती फट दगड-जाळी घालून बुजवली. शिकारीची चटक लागलेलं रानमांजर आमिषाकडे सहसा ढुंकून बघत नाही, त्यामुळे पिंजरा लावून वाट बघण्यात अर्थ नव्हता. रात्री टॉर्चच्या उजेडात डोळे चमकले आणि प्रमुखबाईंनी गोळी झाडली.

पोट उघडायचं काम माझं. मांजराने काय खाल्लंय हे कळल्याशिवाय नुकसानाचा अंदाज येत नाही. ट्रेमध्ये एकेक गोष्ट चिमट्याने वेगळी करत गेले: सरड्याची शेपटी, रानउंदरांचे पाय, केसांचे पुंजके. एक इवलासा जबडा निघाला, दात टोकदार. डनार्टचा. हाही पिशवीवालाच, उंदराएवढा, पण किडे-कोळी मारून खाणारा शिकारी. काटक म्हणावा असा. अन्न तुटलं की अंग थंड करून पडून राहतो, म्हणून अजून बाहेरही तग धरून आहे.

मग सवयीने स्कॅनर फिरवला आणि तो वाजला. त्या लगद्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप होती. नंबर रजिस्टरमध्ये शोधला: बेटाँग, मादी, वयात न आलेली. नोंदीखाली सही माझी. तिला कापडी पिशवीत धरून मीच ती चिप टोचली होती, आणि तिने माझ्या हातमोज्याला कचकचून चावा घेतला होता. कांगारूच्या गोतात बिळात राहणारी ही एकच जात. मुख्य भूमीवरून ती पार पुसली गेली, पश्चिमेकडच्या बेटांवर उरली, म्हणून पुन्हा आणता आली.

जेवताना वाद झालाच. रॉक्सबी डाउन्सजवळच्या ॲरिड रिकव्हरी अभयारण्यात थोडी मांजरं असलेल्या कुंपणात बिल्बी ठेवून पाहिल्या आहेत. त्या जास्त सावध निघाल्या आणि पुढे मांजरांच्या भागात सोडल्यावर अधिक जगल्या. मग आपणही एखादं मांजर राहू द्यावं का? प्रमुखबाई म्हणाल्या, तिथे किती मांजरं आहेत ते त्यांना माहीत असतं. आपल्याला हे एकच होतं की नाही, तेही अजून माहीत नाही. मला ते पटलं. पुढचे काही दिवस वाळू झाडून ठसे बघण्यात जाणार होते.

रात्री आईचा फोन आला. सांगावं की नको करत सांगून टाकलं.

“अगं बाई, मांजर मारली? काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते!”

“मी नाही मारली. मी फक्त पोट फाडलं.”

“ते आणखी वाईट,” आई म्हणाली. “आणि तुझ्या त्या बाईंना सांग, सोन्याचा भाव काय झालाय ते.”