चार महिन्यांचा ड्रॅगन आणि उभी काचपेटी

सरपटणारा प्राणी तपासायला आणताना त्याची पेटीही दिव्यांसकट घेऊन या, असं मी फोनवरच सांगते. निम्मा आजार बहुधा पेटीतच सापडतो. त्या दिवशी आलेल्या चार महिन्यांच्या बिअर्डेड ड्रॅगनच्या, म्हणजे पाळल्या जाणाऱ्या एका जातीच्या सरड्याच्या, बाबतीत तर सगळाच सापडला.

पिल्लाचे डोळे खोल गेले होते. मागच्या पायांची बोटं आपोआप थरथरत होती आणि खालचा जबडा हलकेच दाबला तर लवत होता. एक्स-रेमध्ये पायांची हाडं इतकी फिकट की भोवतालच्या मांसातून ती वेगळी ओळखणं कठीण. कॅल्शियमअभावी हाडं मऊ पडण्याचा हा आजार पाळीव सरड्यांमध्ये वरचेवर दिसतो.

"पण डॉक्टर, कॅल्शियमची पावडर तर आम्ही रोज किड्यांना लावूनच देतो," मालक म्हणाले. ते खरंच होतं. घोळ पेटीत होता.

पेटी 45 सेंमी लांब, 45 रुंद आणि 60 उंच, म्हणजे झाडावर राहणाऱ्या पालींसाठी असते तशी उभी. जाळीच्या झाकणावर 100 वॅटचा उष्णतेचा दिवा आणि शेजारी पिळाचा छोटा यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा. दोन्ही दोन तास चालू ठेवले आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं. फांदीचं वरचं टोक 51 अंश सेल्सिअस, सगळ्यात गार कोपरा 34. मागच्या काचेला चिकटवलेला काटेवाला थर्मामीटर मात्र निवांत 32 दाखवत होता. तो काचेलगतची हवा मोजतो. प्राण्याचं पोट टेकतं त्या पृष्ठभागाचं त्याला काही कळत नाही. यूव्ही मीटर तळाशी धरला तर अतिनील किरणांचा निर्देशांक 0.3. ऊन खायच्या जागी तो 3 ते 4 हवा.

ड्रॅगन जागा बदलून अंगाचं तापमान राखतो. या पेटीत वर गेला तर भाजत होता आणि खाली उतरला तरी गारवा नव्हता. त्यात खाली यूव्हीबीही पोचत नव्हता. यूव्हीबी नाही म्हणून कातडीत डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि डी3 नाही म्हणून पोटात गेलेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. जाळी यूव्हीबीचा साधारण तिसरा हिस्सा अडवते, कधी त्याहून जास्त. पिळाच्या दिव्याचा झोतही लहान असतो. काच तर जवळजवळ सगळाच यूव्हीबी अडवते, त्यामुळे बंद खिडकीतल्या उन्हाचाही उपयोग नाही.

औषध सुरू केलं आणि पेटी बदलायला सांगितली. "पिल्लू मोठ्या पेटीत घाबरेल ना?" ही शंका जवळजवळ सगळेच काढतात. पिल्लू घाबरतं ते रिकाम्या पेटीत. दोन्ही टोकांना लपायला जागा, मध्ये एक-दोन ओंडके आणि चिमट्याने किंवा वाटीत खाणं, एवढं केलं की 120 × 60 × 60 सेंमीची आडवी पेटी पहिल्यापासून चालते. 90 सेंमीची घेतली तर वर्षाच्या आत बदलावी लागते, म्हणून मी एकदाच मोठी घ्या म्हणते. दार पुढून उघडणारं हवं. वरून येणारा हात पिल्लाला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. सरकत्या काचांमधली फट मात्र तपासावी, खायला दिलेले लहान नाकतोडे तिथूनच पसार होतात. काचेची पेटी असेल तर तीन बाजू बाहेरून झाकाव्यात, नाहीतर स्वतःचंच प्रतिबिंब पाहून पिल्लू दिवसभर काच खरवडत बसतं.

यूव्हीबीसाठी पेटीच्या लांबीच्या निम्मी ते दोन-तृतीयांश टी5 नळी (बारीक ट्यूबलाइट), 12 टक्के यूव्हीबीची, परावर्तकासकट. मध्ये जाळी नसेल तर प्राण्याच्या पाठीपासून सुमारे 40 सेंमी. पेटी 60 उंच असल्याने ऊन खायचा दगड साधारण 15 सेंमी उंच घेतला की हे अंतर जुळतं. उष्णतेचा पांढरा दिवा नळीच्याच टोकाला लावायचा, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी मिळतात. दगड 40 ते 42 अंश, गार टोक 25 ते 27. दिवा डिमिंग थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमानानुसार उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, हवा. नुसता चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट दिव्याची उघडझाप करत राहतो. रात्री सगळं अंधारात. 20 अंशांपर्यंत उतरलं तरी चालतं. तळाला वाळू नको, खरखरीत टाइल किंवा साधा कागद पुरे. गरम होणारे कृत्रिम दगडही नकोत. त्यांनी पोट भाजलेलं पिल्लाला वेळेत कळत नाही.

प्राणी ठेवण्याआधी पेटी दोन दिवस रिकामी चालवून सकाळ, दुपार, रात्रीचे आकडे लिहून आणायला सांगितले. पहिल्या दिवशी दगड 47 वर गेला होता. दिवा कमी वॅटचा लावल्यावर 41 वर स्थिरावला.

काही आठवड्यांत बोटांची थरथर थांबली, भूक परतली. जबड्याला आलेला थोडा बाक मात्र तसाच राहील. जागा ऐसपैस दिसते म्हणून दुसरं पिल्लू आणू का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मोठं पिल्लू ऊन खायची जागा बळकावतं आणि लहानाची बोटं नि शेपटीचं टोक कुरतडतं. या जातीत तुटलेली शेपटी परत येत नाही.