क्लार्क्सडेलमधला एक 'हो'

रविवार, रात्र. इंडियनोला, मिसिसिपी.

लेक झोपली. गिटार तिच्या पलंगाला टेकून उभी आहे. तिच्या ब्लूजच्या, म्हणजे कापसाच्या रानांतून निघालेल्या इथल्या काळ्या माणसांच्या गाण्याच्या, वेडापायी आम्ही अमेरिकेच्या या दक्षिण भागात फिरतो आहोत. मला झोप नाही. कालपासून एकाच शब्दाशी अडकले आहे आणि तो शब्द म्हणजे नुसता 'हो'.

काल शनिवार होता. क्लार्क्सडेलला नदीकाठच्या त्या ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे गाण्या-नाचण्याच्या अड्ड्यावर, शिरलो तेव्हा गाणं सुरू झालेलं होतं. स्टेज नव्हताच. जमिनीवर एक जुना गालिचा, त्यावर खुर्ची टाकून बसलेला म्हातारा गिटारवाला, मागे ड्रमवर एक पोरगा, छताला लाल दिव्यांच्या माळा. पैशांसाठी पुढ्यात प्लास्टिकची बादली. लेक पुढे जाऊन बसली आणि त्याच्या बोटांवरून तिची नजर हलेना. मी मागे भिंतीशी बसले. शेजारी ऐंशीच्या घरातली एक बाई होती, जांभळी टोपी घातलेली. प्रत्येक ओळ संपली की ती खालच्या आवाजात काहीतरी उत्तर द्यायची, जसं आपल्याकडे गावातली म्हातारी कीर्तनात बुवांना देते.

मध्यंतरात तिने विचारलं, कुठली? म्हटलं, भारतातली. तिकडे काय पिकतं? मी न थांबता म्हणाले, आमच्या भागात कापूस. तिचा चेहराच बदलला. खुर्ची माझ्याकडे ओढून घेत तिने विचारलं, "मग तुझ्या माणसांनी वेचलाय कापूस?"

मी म्हणाले, हो.

तिने माझा हात हातात घेतला आणि स्वतःची बोटं दाखवली. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात, त्या नखांच्या मुळाशी टोचतात. ती सहा-सात वर्षांची असल्यापासून वेचायची. वेचणीच्या दिवसांत त्यांच्या शाळा बंदच ठेवायचे, गोऱ्यांच्या चालू असायच्या. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे." मी मान हलवली. म्हणजे दुसऱ्यांदा 'हो' म्हणाले.

आमच्या घरात कुणीही कधी कापूस वेचला नाही.

वेचायच्या त्या मजुरीच्या बाया. मी धुऱ्यावर, वावराच्या कडेला, वजनाच्या काट्यापाशी बसायचे. अक्षर चांगलं म्हणून बाबांनी वही माझ्याकडे दिली होती. संध्याकाळी एकेक बाई गाठोडं घेऊन यायची, गडी ते काट्याला लावायचा, आकडा ओरडायचा आणि मी नावापुढे लिहायचे. ओल असेल तर गाठोड्यामागे अर्धा किलो कमी. ते मला सांगावंही लागायचं नाही, मी आपसूकच कमी करून लिहायचे. त्या बायांत एक माझ्याच वर्गातली मुलगी होती. तिचं राहू दे.

काल रात्री मोटेलवर परतताना मी मनाशी म्हणत होते की हे खोटं नाहीच. आपण म्हणतोच ना, यंदा आम्ही घर बांधलं? वीट गवंड्याने रचलेली असते. बाबाही वहाणा घालता घालता विचारायचे, "आपल्या बाया लागल्या का वेचायला?" आपल्या बाया. मग तिने 'तुझी माणसं' विचारलं आणि मी हो म्हटलं, यात चुकलं काय? गाडी पार्क होईपर्यंत एवढं पुरलं. लेकीने दार उघडता उघडता विचारलं, "आई, तू कापूस वेचायचीस? कधी बोलली नाहीस." मी म्हटलं, झोप आता, उशीर झालाय.

सकाळपासून हायवे ६१. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर पांढरं, आणि त्यात एक माणूस नाही. यंत्र फिरतं आणि मागे पिवळ्या-गुलाबी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले भलेमोठे गोल गठ्ठे टाकत जातं. क्लार्क्सडेलजवळच्याच हॉप्सन प्लँटेशनवर १९४४ मध्ये पेरणीपासून गाठी बांधण्यापर्यंत सगळं पीक पहिल्यांदा यंत्राने काढलं गेलं. ब्लूज गायक मडी वॉटर्स त्याच्या एक वर्ष आधी, १९४३ मध्ये, शिकागोला निघून गेला होता. तोवर तो इथेच, स्टोव्हॉलच्या शेतांवर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी त्याचं गाणं तिथेच येऊन ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा त्याने स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला. लाखो माणसं अशीच उत्तरेला गेली. लेक हे सगळं भरभरून सांगत होती. मी पऱ्हाटीकडे, कापसाच्या झाडांकडे, बघत होते. आपल्यापेक्षा बुटकी, एका उंचीची, पानं औषध मारून झाडलेली. आमच्या वावरात फरदड, म्हणजे शेवटचं उशिराचं पीक, निघेस्तोवर झाडं छातीला लागायची.

या मातीचं आणि आमच्या मातीचं नातं मी कधीतरी शाळेत वाचलं होतं. इथल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, इकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे हात पसरला. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड. इथे युद्ध पेटलं म्हणून अमरावती-खामगावला पैसा खेळला. ते सोनं वेचणीच्या बायांपर्यंत किती पोचलं, हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही.

मेरिगोल्डच्या बाहेर कापसाच्या कडेला पो मंकीज या ज्यूक जॉइंटची झोपडी पाहिली. विली सीबेरी शेतावर कामाला होता, तिथेच राहायचा आणि रात्री तिथेच ज्यूक चालवायचा. २०१६ मध्ये तो गेला, तेव्हापासून बंद. पत्रे, फळ्या, हाताने रंगवलेल्या पाट्या. हे अड्डे असेच सुरू झालेले. आठवडाभर मालकाच्या रानात राबायचं आणि शनिवारी रात्री कुणाच्या तरी खोपटातलं सामान बाहेर काढून नाचायचं. तिथे काटा नसायचा. आणि मी काल नेमकी तिथे जाऊन बसले, दहा डॉलर देऊन.

मग डॉकरी फार्म्स. जुना ब्लूज गायक चार्ली पॅटन इथे राहायचा. जिनची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, इमारत आणि सरकीचं गोदाम अजून उभं आहे. इथली पद्धत बटईची. बी, खत, किराणा सगळं मालकाकडून उधार आणि हिशेब वर्षाच्या शेवटी. तो हिशेब मालकाच्या वहीत. वर्षभर राबून बहुतेकांच्या नावावर कर्जच निघायचं. मी त्या जिनसमोर उभी राहिले आणि मला स्वतःचीच कीव आली. आम्ही कुठले मालक? नऊ एकर कोरडवाहू. कापूस खरेदीच्या फेडरेशनला कापूस घालायचा आणि चुकाऱ्यासाठी, म्हणजे पैशांसाठी, महिनोन्‌महिने वाट बघायची. आमच्या बंडीमागेही कुणीतरी ओल धरून वजन कापायचंच. बाबांनी शेवटी चार एकर विकलं ते कसं, हे आम्ही भावंडं अजून एकमेकांत बोलत नाही. मला कुणी विचारावं की तुमचं काय झालं. खरंच वाटलं असं, त्या उन्हात.

तिथून दहा मिनिटांवर रूलव्हिल. फॅनी लू हेमर यांची समाधी आहे, बाग आहे, पुतळा आहे. मला त्या फक्त मतदानाच्या हक्कासाठी लढलेली बाई म्हणून ठाऊक होत्या. लेकीने फोनवर वाचून दाखवलं. बटईदाराच्या घरातलं विसावं मूल. सहाव्या वर्षापासून कापूस वेचत होत्या. लिहिता-वाचता येतं म्हणून मालकाने त्यांना हजेरी आणि वजनाच्या नोंदींवर बसवलं.

म्हणजे काट्यापाशी, वही घेऊन. माझ्याच जागी.

पुढचं लेकीने दोनदा वाचलं, मीच वाचायला लावलं. मालकाचा काटा वेचणाऱ्यांना लुबाडायचा. मालक नजरेआड झाला की हेमर स्वतःजवळचं वजन अडकवायच्या आणि माप सरळ करायच्या. पुढे ३१ ऑगस्ट १९६२ ला मतदार म्हणून नाव नोंदवायला त्या याच इंडियनोलाच्या कोर्टात आल्या आणि त्याच दिवशी मालकाने त्यांना घराबाहेर काढलं. अठरा वर्षांची नोकरी गेली.

मी अकरा वर्षांची होते, हे मला ठाऊक आहे. पण अर्धा किलो मला दिसत होता, हेही ठाऊक आहे.

दुपारी ब्लूज गायक बी. बी. किंगचं संग्रहालय पाहिलं. ज्या जिनमध्ये तो कामाला होता तीच विटांची इमारत धरून बांधलंय. बाहेर त्याची समाधी. चांगलं आहे, खूप चांगलं आहे, पण माझं लक्ष नव्हतं. मी एकच आठवायचा प्रयत्न करत होते की त्या बाया काय गायच्या. गायच्या, हे नक्की. सकाळी दव असताना ओळीने वेचायला लागल्या की एक सुरू करायची आणि दुसऱ्या टोकावरून उत्तर यायचं. पहिल्या वेचणीला सीतादही, म्हणजे शेतातली पूजा, झाली की मग तर खास. तो आवाज कानात आहे, पण शब्द एकही नाही. आकडे मात्र आठवतात. बावीस, अठ्ठावीस, साडेएकतीस. कुणाच्या नावापुढे कुठला, तेही.

लोमॅक्स यंत्र घेऊन शेतात आला म्हणून इथलं गाणं राहिलं. आमच्या शेतात वही घेऊन मी होते.

नऊ वाजता आईला फोन केला. तिकडे सकाळचे साडेसात, ती फुलं तोडत होती. आधी लेकीची चौकशी, जेवणाची चौकशी. मग मी विचारलं, आई, आपल्या वावरात बाया वेचताना काय गायच्या गं?

म्हणाली, "आता मधीच काय काढलं? मले कुठं आठवते." मग थोडा वेळ गेला. "तूच तर त्यायले गप्प करायची. म्हणायची, मावशी, आधी नाव सांगा, आकडा चुकते."

मी हसले. खरंच हसले, आणि बरं वाटलं, का ते कळत नाही. तिला इतक्या वर्षांनंतर हे जसंच्या तसं आठवतं. तिने कधी ते माझ्याविरुद्ध धरलं नव्हतं, कामाची पोर म्हणून कौतुकानेच सांगत होती. मी त्यांना मावशी म्हणायचे, हेही मी विसरले होते.

जांभळ्या टोपीवाल्या बाईंचं नावही मी विचारलं नाही. पुन्हा क्लार्क्सडेलला जाऊन सांगायचं म्हटलं तर दीड तास उलटं जावं लागेल, आणि सांगणार काय? की मी वेचणारी नव्हे, लिहिणारी. त्यांना त्याचं काय? तो 'हो' त्यांच्याकडे तसाच राहणार. असू दे. लेकीला मात्र उद्या गाडीत सांगायचं आहे. आधी अर्ध्या किलोचं, मग वर्गातल्या मुलीचं, जमलं तर.

उद्या बेंटोनिया. तिथला ब्लू फ्रंट कॅफे हा ज्यूक जॉइंट १९४८ पासून एकाच घराण्याकडे आहे, लेकीला तिथल्या वेगळ्या सुरावटीत गिटार लावून बघायची आहे. आठला निघायचं. गाडीत पेट्रोल कमी आहे.