हातात किती?

दिवाळी जवळ आली की भिवंडीच्या गोदामांना माणसं कमी पडतात. मी एका लेबर ठेकेदाराकडे भरतीचं काम बघतो. सीझनमध्ये टिटवाळा, आसनगाव, बदलापूर अशा ठिकाणी स्टेशनाजवळ टेबल टाकून बसायचं आणि माणसं गोळा करायची. त्या शनिवारी बदलापूरला होतो. मागे ऑफिसनं छापलेला फलक : पिकर-पॅकर (रॅकमधून माल काढणारे आणि पॅक करणारे) पाहिजेत, १७,४०० पर्यंत, वय १८ ते ३५.

मुलं येतात, आधारची झेरॉक्स देतात, "कधीपासून यायचं?" विचारून निघतात. एक मुलगा मात्र आईला घेऊन आला. अंबरनाथच्या आयटीआयमधून फिटर झालेला. तो गप्पच होता. फलक ताईंनी वाचला, अगदी सावकाश.

"ह्यातले हातात किती?"

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारणारं माणूस क्वचित भेटतं. नाहीतर तो पहिल्या पगाराला येतो, आणि तोही भांडणाच्या सुरात. मी कागद ओढला. मूळ पगार १५,०००. फलकावरच्या आकड्यात मालकाचा पीएफ आणि ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, वाटाही धरलेला, तो हातात येत नाही. पंधरा हजारांतून मुलाच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० गेला, ईएसआयसीचे ११३, व्यवसाय कराचे २००. उरले १२,८८७.

"आणि गोदामावर, माणकोलीला, जायचं कसं?"

कल्याणपर्यंत लोकल. पुढे कोन, रांजणोली करत शेअर रिक्षा. ताईंनी रोजचे शंभर धरले, सव्वीस दिवसांचे २,६०० वजा केले आणि म्हणाल्या, "दहा हजार दोनशे सत्त्याऐंशी. पास आणि डबा अजून धरलेलाच नाही." मग जरा चिडून, "एवढी गोदामं तिकडेच का बांधलीत पण? इथे एमआयडीसी पडलीय की."

गर्दी नव्हती, म्हणून सांगत बसलो. मुंबईत माल शिरला की जकात लागायची. म्हणून व्यापाऱ्यांनी नाक्याच्या अलीकडे, भिवंडीजवळच्या काल्हेर, पूर्णा, दापोडे अशा ग्रामपंचायतींच्या हद्दीत माल उतरवून ठेवायला सुरुवात केली. मुंबईचं गिऱ्हाईक जवळ, नाशिकचा हायवे दाराशी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. आता गोदामं ओस पडणार, असं वाटणारे पुष्कळ होते. झालं उलटं. पूर्वी दुसऱ्या राज्यात थेट विकलं की केंद्रीय विक्रीकर लागे, तो टाळायला कंपन्या राज्याराज्यात छोटे डेपो ठेवत. ती गरज संपली, माल मोजक्या ठिकाणी एकत्र आला आणि शेड आणखी मोठ्या झाल्या. वर ऑनलाइन खरेदी. आमचा धंदा त्यावरच चालतो. माणसं मात्र राहतात कर्जत-कसारा लाइनीला, जिथलं घरभाडं परवडतं तिथे.

"दिवाळीनंतर?"

"निम्म्यांना ब्रेक. म्हणजे काम बंद."

"आणि ठेकेदारानं पगार बुडवला तर?"

माझ्या मालकाचं नाव फलकावर होतं, तरी सांगितलं : तर कायद्यानं तो गोदामवाल्या कंपनीला द्यावा लागतो; आधी हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, आता नव्या कामगार संहितेत आहे. त्यांनी मान हलवली. खरवईच्या एमआयडीसीत त्या औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला होत्या, तिथला ठेकेदार दोन पगार ठेवून गायब झाला होता.

मुलाला मी म्हटलं, तू फिटर आहेस, स्कॅनर घेऊन रॅकमधून फिरलास तर हातातलं काम विसरशील. अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून लाग. विद्यावेतन ह्याहून कमी मिळेल, पण शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येतं. असं सांगायचा मला पगार मिळत नाही, हेही खरं. फिटर पिकरला लावला की दोन महिन्यांत पळतो आणि ती जागा पुन्हा मलाच भरायची असते.

ताई थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "बायकांना घेता?"

बायकांचा हिशेब वेगळा होतो. पंचवीस हजारांपर्यंत त्यांना व्यवसाय कर नाही, म्हणजे हातात १३,०८७. दुसरी पाळी दुपारी दोन ते अकरा. रात्री बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि ने-आणीची सोय करावी लागते, म्हणून त्या पाळीला कल्याण स्टेशनापासून कंपनीची बस आहे. रिक्षाचे २,६०० वाचले. हे कळल्यावर ताईंनी माझ्याच पेनानं नवी वजाबाकी मांडली.

ताईंचं वय बेचाळीस. गोदामाच्या सुपरवायझरला फोन लावला, तर तो म्हणाला, "पस्तिशीच्या वरचं नको, उभं राहायचं काम आहे." मी म्हटलं, दुसऱ्या पाळीला बायका मिळत नाहीत म्हणून काल रडत होतास. तो म्हणाला, "बरं, पाठव सोमवारी. दोन दिवस बघतो."

फॉर्म त्यांनी स्वतः भरला. यूएएनच्या, म्हणजे पीएफ नंबराच्या, चौकोनात बारा आकडे न अडखळता लिहिले आणि मुलाला म्हणाल्या, "तुझ्या अ‍ॅप्रेंटिसचं दिवाळीच्या आत बघ. मला ब्रेक मिळेल तेव्हा घरात काहीतरी यायला पाहिजे."