जवसाचा वाख

जवस म्हटलं की आपल्याला चटणी आठवते. खमंग भाजलेलं बी, लाल तिखट, लसूण, मीठ, वर तेलाची धार. बी काढून घेतलं की काडीकडे आपण ढुंकूनही बघत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत मात्र सगळी मदार काडीवर होती. तिच्यातूनच घरातली चादर, टॉवेल आणि अंगातला सदरा निघायचा.

अशाच एका घरातली बाई मार्था बॅलार्ड. जन्म 1735 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्डचा. नऊ मुलं झाली. त्यांतल्या तीन मुली 1769 च्या उन्हाळ्यात घटसर्पाने काही आठवड्यांत गेल्या, तेव्हा ती गरोदर होती. ऑगस्टमध्ये हॅना झाली. पुढे 1772 मध्ये झालेल्या मुलीला गेलेल्या डोरोथीचंच नाव दिलं. तिला डॉली म्हणत. मग हे कुटुंब अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन भागात, केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेलला आलं. नवरा एफ्राइम जमीन मोजणारा आणि गिरणीवाला, मार्था सुईण. 1785 पासून 1812 पर्यंत तिने रोजनिशी लिहिली आणि त्या काळात 816 बाळंतपणं केली. समासात बाळंतपणाचा आकडा टाकायचा आणि पैसे मिळाले की दोन फुल्या मारायच्या, असा तिचा चोख हिशेब.

पण बाळंतपणाची हाक आली की बाई रात्री-अपरात्री होडीतून, घोड्यावरून किंवा गोठलेल्या नदीवरून निघायची. मग मागे घर कोण बघणार? मुली, आणि त्यांच्या हातातला जवस.

बी दाट पेरायचं. विरळ पेरलं तर झाडाला फांद्या फुटतात आणि धागा तोकडा पडतो. साधारण शंभर दिवसांनी निळी फुलं गळून काडी बुडाकडून पिवळी पडली की झाड मुळासकट उपटायचं. विळा लावला तर धाग्याची लांबी जमिनीतच राहते. काड्या वाळवायच्या, फणीतून ओढून बोंडं झाडायची आणि मग काड्या कुजवायच्या. आपल्याकडे अंबाडी नि ताग कुजत घालतात तसंच. साचलेल्या पाण्यात आठ-पंधरा दिवस लागतात आणि वास असा सुटतो की शेजारी बोलणं टाकतील. दवावर पसरलं तर काही आठवडे लागतात, पण वास कमी. खरी मेख इथेच आहे. लवकर काढलं तर लाकडी भुसा वाखाला, म्हणजे काडीतल्या लांब धाग्याला, चिकटून बसतो, उशीर झाला तर वाखच कुजतो. म्हणून रोज एक काडी मोडून बघायची. गाभा कडकन तुटून वाख अखंड सुटला, की काड्या उचलायच्या.

पुन्हा वाळवून लाकडी दाताच्या यंत्रात काड्या चेचायच्या, लाकडी सुरीने झोडून भुसा पाडायचा, मग वाख लोखंडी दातांच्या फण्यांतून ओढायचा, आधी जाड फणी, नंतर बारीक. शंभर किलो काडीतून दहा-पंधरा किलो लांब वाख हाती लागला तरी पुष्कळ. फणीत अडकलेला आखूड गुंताही फेकत नसत. पोती नि जाडंभरडं कापड त्याचंच. लांब वाख काठीभोवती गुंडाळून पायाच्या चरख्यावर बसून कातायचा, तोही बोटं ओली करून. कोरड्या बोटांनी सूत केसाळ निघतं. लोकर मोठ्या चाकावर, उभ्याने मागेपुढे चालत कातायची. सुताच्या लडी राखेच्या क्षारात उकळायच्या आणि कापड विणून झालं की गवतावर पसरून, पाणी शिंपडत उन्हात पांढरं करायचं.

एवढं सगळं सुईणीच्या दिनक्रमात कुठे बसायचं? हॅना आणि डॉली मागावर बसायच्या म्हणून मार्थाला घराबाहेर पडता आलं. नवऱ्याच्या मोजणीला गावात मान होता. मुलींच्या विणण्याची नोंद मात्र आईच्याच वहीत राहिली. 1792 मध्ये हॅनाचं लग्न झालं. तिथल्या रीतीप्रमाणे नवरी लगेच नवीन घरी गेली नाही. काही आठवडे माहेरीच राहून गोधड्या शिवल्या, भांडीकुंडी जमवली. रुखवत लग्नानंतर, एवढाच फरक! 1795 मध्ये डॉलीही लग्न होऊन गेली.

त्यानंतर मार्थाने कामाला मुली ठेवल्या. त्या यायच्या, काही दिवस कातायच्या, निघून जायच्या. साठी गाठलेली बाई रात्रभराच्या बाळंतपणाहून परतायची आणि कपडे धुवायला, भाकरी भाजायला स्वतःच उभी राहायची.